परदेशात लॉ शिकायचंय? ‘पर्सनल स्टेटमेंट’ स्वतःच लिहा

आपल्याकडे लॉला जायचं तर क्लॅट द्यायची, नाहीतर बारावीच्या मार्कांवर कॉलेज मिळवायचं. वकील का व्हायचंय, हे फारसं कुणी विचारत नाही. ब्रिटन-अमेरिकेत मात्र अर्जासोबत हेच लेखी मागतात. त्याला म्हणतात पर्सनल स्टेटमेंट.

ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज ‘युकास’मार्फत जातात. 2026 च्या प्रवेशापासून तिथे एका लांब निबंधाऐवजी तीन प्रश्न आहेत : हा विषय का निवडला, आजवरच्या शिक्षणाने काय तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केलं? तिन्ही मिळून 4000 अक्षरं, मोकळ्या जागा धरून. प्रत्येक उत्तर किमान 350 अक्षरांचं हवं. अमेरिकेत लॉचा ‘जेडी’ कोर्स पदवीनंतर असतो. तिथे बहुतेक ठिकाणी साधारण दोन पानं मागतात.

बहुतेकांची गाडी पहिल्याच ओळीत घसरते. ‘मला लहानपणापासून अन्यायाची चीड आहे’ असं हजारो मुलं लिहितात. ‘मी सीमाभागातला, आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्यानेही भागत नाही. वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

मग लिहायचं काय? एक उदाहरण घ्या. आजीच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये, तिला वाचता येतं फक्त मराठी. तिच्यासोबत तलाठ्याकडे नातू जातो, कागद वाचून सांगतो. घरी आल्यावर त्याला प्रश्न पडतो, आपल्या भाषेत अर्ज करायचा हक्क आहे का? तो राज्यघटना उघडतो. कलम 350 सांगतं, गाऱ्हाण्याचा अर्ज देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. पण उत्तर त्याच भाषेत मिळेल, असं त्यात लिहिलेलं नाही. हा फरक ज्याला खटकला आणि ज्याने त्यावर पुढे वाचलं, त्याचं स्टेटमेंट तिथेच तयार झालं.

प्रसंग मोठाच हवा असं नाही. इंदूरच्या वाड्यातलं भाडेकरूचं भांडण, वडोदऱ्यातल्या दुकानाचा करारनामा, काहीही चालेल. प्रसंग चार ओळींत संपवा. तुम्ही काय केलंत, काय वाचलंत आणि कुठला प्रश्न अजून सुटलेला नाही, याला जास्त जागा द्या. मार्क अर्जात दुसरीकडे येतातच, इथे परत नकोत.

पहिला खर्डा खुशाल मराठीत लिहा. विचार पक्का झाला की इंग्रजी साधं असलं तरी चालतं. नंतर मोठ्याने वाचा. जीभ अडखळली की ते वाक्य बदला.

आणि एजंटकडून तयार मजकूर घेऊ नका. युकास प्रत्येक स्टेटमेंट इतरांशी ताडून बघतं आणि साम्य आढळलं तर विद्यापीठांना कळवतं. शिवाय मुलाखत झाली तर त्यातल्याच एखाद्या ओळीवर प्रश्न येऊ शकतो. जे घडलंच नाही त्याबद्दल तिथे काय बोलणार?