ड्यूकच्या वळणावरचं मेनूथ

डब्लिनच्या पश्चिमेला साधारण 25 किलोमीटरवर मेनूथ आहे. इथले चाकरमानी सकाळची गाडी पकडतात ते स्टेशन अगदी कालव्याच्या काठावर आहे. गंमत म्हणजे हा रॉयल कॅनॉल इथून जाणारच नव्हता! काम 1790 मध्ये सुरू झालं. लेन्स्टरचा ड्यूक कालवा खणणाऱ्या कंपनीच्या संचालकांपैकी एक, आणि त्याची कार्टन इस्टेट मेनूथलाच लागून. कालवा माझ्या गावावरून न्या, असा त्याने हट्ट धरला. त्या वळणापायी लेक्सलिपला रायवॉटर नदीवरून कालवा नेणारा पूल बांधावा लागला. त्यातच सहा वर्षं गेली.

1845 मध्ये एका रेल्वे कंपनीने हा कालवाच विकत घेतला. तिला रुळांसाठी काठची जमीन हवी होती. त्यामुळे आजची लोकलही ड्यूकच्या वळणावरूनच धावते.

1961 मध्ये कालवा वाहतुकीला बंद झाला. तो पुन्हा जिवंत झाला त्याचं मोठं श्रेय स्वयंसेवकांना आहे, आणि मला या गावाची हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. वर्षानुवर्षं खपून त्यांनी कामाला गती दिली आणि 2010 मध्ये बोटी थेट शॅनन नदीपर्यंत जाऊ लागल्या. आता मेनूथहून सायकलवर टांग मारली की काठाकाठाने 130 किलोमीटर, लाँगफर्ड परगण्यापर्यंत जाता येतं.

गावाची वस्ती 17 हजारांच्या आसपास आणि इथल्या विद्यापीठाचे विद्यार्थीही जवळपास तेवढेच! साहजिकच भाड्याची खोली मिळवताना दमछाक होते. फिरायला मात्र पैसे लागत नाहीत. मुख्य रस्त्याच्या एका टोकाला ड्यूकच्याच फिट्झजेराल्ड घराण्याचा किल्ला आहे, तोही फुकट बघता येतो.

शेजारचं सेंट पॅट्रिक्स कॉलेज 1795 चं. तिथल्या निकोलस कॅलन या पाद्री प्राध्यापकाने 1836 मध्ये इंडक्शन कॉइल बनवली. विजेचा जोर मोजायला तो विद्यार्थ्यांनाच झटके द्यायचा. पुढे एक जण बेशुद्ध पडल्यावर ही पाळी टर्की कोंबड्यांवर आली, असं सांगतात. त्याची उपकरणं तिथल्या संग्रहालयात आहेत.

आणि डोनल उआ बुआखाला! मुख्य रस्त्यावरचा हा दुकानदार ब्रिटिशांविरुद्धच्या 1916 च्या उठावात गावातले काही जण घेऊन रुळांच्या आणि कालव्याच्या कडेने रातोरात डब्लिनला चालत गेला. 1932 मध्ये तोच आयर्लंडचा गव्हर्नर जनरल झाला, पण सरकारी प्रासादात तो राहिलाच नाही.