होडी वाऱ्याकडे का वळते? डोलकाठीचा कल आणि सुकाणूवरचा ताण



शिडाची होडी सरळ न्यायची असते, पण वारा वाढला की तिचं पुढचं टोक आपोआप वारा येतो त्या बाजूला वळायला लागतं. सरळ ठेवण्यासाठी सुकाणूचा दांडा सारखा स्वतःकडे ओढून धरावा लागतो. थोड्याच वेळात दंड भरून येतो. या ओढीला इंग्रजीत 'वेदर हेल्म' म्हणतात. ती का निर्माण होते, ते आज समजून घेऊया.

आधी एक प्रयोग

जाड कागदाची एक लांब पट्टी घ्या. मधोमध टाचणी टोचून ती पेन्सिलीच्या खोडरबरावर अशी बसवा, की पट्टी सहज फिरेल. पट्टीच्या मागच्या अर्ध्या भागावर कागदाचा छोटा झेंडा उभा चिकटवा. आता बाजूने हळूच फुंकर मारा. मागचा भाग ढकलला जातो आणि पुढचं टोक तुमच्या तोंडाकडे, म्हणजे वाऱ्याकडे वळतं. झेंडा पुढे लावला तर उलट होतं. झेंडा बरोबर टाचणीवर आला तर पट्टी फारशी वळत नाही.

आता होडीकडे या

झेंडा म्हणजे शीड. टाचणी म्हणजे होडीच्या तळातून पाण्यात उतरवलेली फळी. होडी बाजूला वाहून जाऊ नये म्हणून ही फळी पाण्याला अडते. वाऱ्याच्या दाबाचा मध्य फळीच्या मागे गेला, की होडी वाऱ्याकडे वळते. पुढे आला, की वाऱ्यापासून दूर वळते.

डोलकाठी मागे कलवली की शीडही मागे जातं आणि ओढ वाढते. काठी पुढे सरळ केली की ओढ कमी होते. विंडसर्फिंगच्या फळीला तर सुकाणूच नसतं. उभा राहिलेला माणूस काठी शिडासकट मागेपुढे कलवूनच ती वळवतो!

मुलांची 'ऑप्टिमिस्ट' ही होडी घ्या. अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९४७ साली क्लार्क मिल्स यांनी तिचा आराखडा केला. लांबी जेमतेम २.३ मीटर. तिची डोलकाठी एका आडव्या फळीतून खाली जाते. काठीचं बूड मागे सरकवलं की शेंडा पुढे येतो, बूड पुढे सरकवलं की शेंडा मागे जातो. शेंड्यापासून होडीच्या मागच्या कडेपर्यंत टेप धरून हा कल मोजतात. मोठ्या होड्यांमध्ये काठीला बांधलेल्या पुढच्या-मागच्या तारा कमी-जास्त ताणून हेच काम होतं.

पण आधी होडी सरळ करा

ओढीचं आणखी एक मोठं कारण आहे, होडीचं कलंडणं. हातगाडी फक्त उजव्या बाजूने ढकलली तर ती डावीकडे वळते ना? तसंच कलंडलेल्या होडीचं शीड एका बाजूला बाहेर जातं. शिडाचा जोर त्या बाजूने लागतो आणि होडी दुसऱ्या बाजूला, म्हणजे वाऱ्याकडे वळते. म्हणून क्रम असा ठेवायचा:

१. वाऱ्याकडच्या काठावर बसून अंग बाहेर झुकवा.
२. शिडाची दोरी थोडी सैल सोडा.
३. तरीही ओढ राहिली, तर किनाऱ्यावर येऊन डोलकाठीचा कल बदला. एका वेळी थोडाच बदल करा आणि माप लिहून ठेवा.

नुसतं सुकाणू दाबून धरणं हा उपाय नव्हे. सुकाणू जितकं आडवं, तितका पाण्यात ब्रेक लागतो आणि होडी मंदावते.

मग ओढ पूर्ण काढून टाकायची का?

नाही! थोडी ओढ हवीच. समजा, मुलाच्या हातून दांडा सुटला. ओढ असेल तर होडी वाऱ्याकडे तोंड करते, शीड फडफडायला लागतं आणि वेग कमी होतो. मुलाला सावरायला वेळ मिळतो. ओढ उलटी असेल तर होडी वाऱ्यापासून दूर वळत जाते. मग शिडाखालचा आडवा दांडा अचानक दुसऱ्या बाजूला फिरून डोक्याला लागू शकतो. म्हणून दोन बोटांना जाणवेल इतकी ओढ चांगली, हात दुखेल इतकी नको.

विचार करा: प्रयोगातली टाचणी मधोमध न टोचता झेंड्याच्याही मागे टोचली तर पट्टी कुठे वळेल? आधी अंदाज वहीत लिहा, मगच फुंकर मारा!