रिपोर्ट नॉर्मल, तरीही आजारी

कोविड होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने थकवा, धाप, धडधड आणि विसराळूपणा सोसणाऱ्याला दवाखान्यात बहुधा एकच उत्तर मिळतं: रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका. मग घरचेही तेच म्हणू लागतात. पण रक्त, ईसीजी, एक्स-रे या तपासण्या होतात माणूस विश्रांतीत असताना, आणि हा आजार अनेकदा डोकं वर काढतो तो श्रमानंतर. ॲमस्टरडॅममध्ये संशोधकांनी अशा 25 रुग्णांना आणि 21 निरोगी माणसांना साधारण पंधरा मिनिटं दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. आठवडाभर आधी आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. जानेवारी 2024मध्ये निष्कर्ष आले: रुग्णांची हृदय-फुप्फुसं ठीक होती, पण स्नायूपेशींतली ऊर्जानिर्मिती मंदावली होती आणि श्रमानंतर स्नायूंची इजा वाढली होती. ‘रोज थोडं जास्त चाल, बरं वाटेल’ हा मायेचा सल्ला अशा माणसाला अंथरुणाला खिळवू शकतो.

हे लॉकडाऊनच्या ताणाने झालं, असं म्हणणारे आहेत. ताण तर सगळ्यांनीच सोसला. ब्रिटनमध्ये 785 जणांचे मेंदूचे स्कॅन दोनदा झाले. मधल्या काळात त्यांतल्या 401 जणांना कोविड झाला, बहुतेकांना सौम्यच. न झालेल्यांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूत वासाशी निगडित काही भागांचा थर अधिक पातळ झालेला दिसला. फरक लहान होता, त्यावरून कुणा एकाचं निदान करता येत नाही. पण ‘सगळं मनाचं’ म्हणण्याची सोय त्याने उरत नाही.

प्रत्येक थकवा कोविडच्या माथी मारला जातो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-12, क्षयरोग हे पाहायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेची कोविडनंतरच्या या आजाराची व्याख्याही दुसरं कारण नसावं अशी अट घालते. पण तिथे थांबू नये. रुग्णाला काही मिनिटं झोपवून नाडी मोजावी, मग दहा मिनिटं उभं करून मोजत राहावी. प्रौढाची नाडी 30 किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली आणि रक्तदाब पडला नाही, तर उभं राहताच होणाऱ्या धडधडीचा तो ठोस पुरावा असतो. त्यावर भरपूर पाणी, डॉक्टरांनी सांगितलं तरच जास्त मीठ, घट्ट मोजे आणि काही औषधं यांचा उपयोग होतो. श्रमानंतर कोसळणाऱ्यांनी धुणं आणि स्वयंपाक एकाच सकाळी उरकू नये. दम लागण्याआधीच बसावं, आणि घरच्यांनी त्याला आळस म्हणू नये.