दांड्यापासून क्लचप्लेटपर्यंत

परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या शिवारात जमीन काळी. कापसाला, तुरीला, सोयाबीनला उत्तम. चाकाला मात्र वैरीण. मृगाचे दोन दमदार पाऊस झाले की पाणंद फुगते, टायरच्या खाचा चिखलाने बुजतात आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरू लागतं. चारही चाकांना जोर देणारी गाडी लागते ती अशा ठिकाणी. पण ती आली वेगळ्याच वाटेने.

सुरुवात जीपची. महिंद्रने 1949 मध्ये मुंबईत माझगावला विलीजची जीप जोडायला घेतली. तिच्यात गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे: एक पुढची चाकं जोडायला, दुसरा ‘लो’, म्हणजे हळू पण जोरकस गिअर, टाकायला. पुढे काही गाड्यांत ड्रायव्हरला खाली उतरून पुढच्या चाकांचे हबही हाताने फिरवावे लागत. तेही रुतायच्या आधी. घोटाभर चिखलात बसून हब फिरवणं हा काही सुखाचा उद्योग नव्हे. बरं, डांबरीवर आल्यावर दांडा मागे घ्यायला विसरलं तर वेगळीच पंचाईत. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. ही तफावत जिरवायला त्या जीपमध्ये मधलं डिफरन्शियल नसे. मग स्टिअरिंग जड, गाडी अडखळत चाललेली आणि टायर फुकट घासलेले. सगळा कारभार ड्रायव्हरच्या अंदाजावर.

सामान्य माणसाच्या वाट्याला तेही आलं नाही. मराठवाड्याने प्रवास केला तो काळी-पिवळी टॅक्सीतून. कमांडर असो की ट्रॅक्स, बहुतेकींना जोर मागच्या चाकांचाच. पुढचा अ‍ॅक्सल म्हणजे जादा किंमत, जादा वजन, जादा डिझेल. सीटमागे पैसे मोजणाऱ्याला ते कसं परवडणार? रुतली की पॅसेंजरांनी उतरून ढकलायचं, हीच त्यांची ऑटोमॅटिक फोर व्हील.

खरी ऑटोमॅटिक आली ती जालना रस्त्यावरच्या शेंद्र्यातून. 2010 मध्ये स्कोडाची येती ही एसयूव्ही तिथल्या कारखान्यात जोडली जाऊ लागली. तिच्या फोर बाय फोरमध्ये एरवी गाडी ओढतात ती पुढची चाकं. मागच्या अ‍ॅक्सलपाशी हॅल्डेक्स कपलिंग असतं: तेलात बुडालेल्या क्लचप्लेट्सची चळत. एबीएसचे सेन्सर प्रत्येक चाकाचा वेग मोजत असतात. पुढचं चाक मागच्यापेक्षा जोरात फिरू लागलं, की कंट्रोल युनिट ताडतं की ते घसरतंय. तेलाचा दाब वाढतो, प्लेट्स एकमेकींवर आवळल्या जातात आणि जोर मागे जातो. जेवढा दाब, तेवढा जोर. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे होतं. ड्रायव्हरला बहुधा पत्ताही लागत नाही. वळणावर प्लेट्स जरा सैल सोडल्या की पुढच्या-मागच्या चाकांची तफावत तिथेच जिरते, म्हणून डांबरीवर दांड्याचं भय नाही. 2011 मध्ये चाकणहून आलेल्या एक्सयूव्ही 500 च्या ऑल व्हील मॉडेलनेही हाच ‘गरज पडेल तेव्हा’चा मार्ग धरला.

गंमत अशी, की गाडी शहाणी होईपर्यंत रस्ताही शहाणा झाला. शेगाव-पंढरपूर दिंडी मार्ग परतूर-आष्टीवरून माजलगावकडे गेला. त्या सिमेंटवर दोन चाकांचा जोर पुष्कळ झाला. पावसाने निसरडा झालेला घाट किंवा एक चाक खडीत गेलेलं, अशा वेळी ऑटोमॅटिकला तोड नाही. पण पाणंदीत तिचं दुखणं उघड होतं. प्लेट्स बराच वेळ घसरत राहिल्या की तापतात; फार तापल्या की यंत्रणा स्वतःला वाचवायला मागचा जोर तोडते. शिवाय अशा बहुतेक गाड्यांत ‘लो’ नसतो, आणि काळ्या चिखलात हळू, एकसारखं रेटायला तोच लागतो.

महिंद्र दोन्ही प्रकारच्या गाड्या विकते. ऑल व्हील एसयूव्ही घेतली तर ठरवायचं काम गाडीकडे. नाशिकची थार फोर बाय फोर घेतली तर दांडा तुमच्या हातात, ‘लो’सकट. शेत हमरस्त्याला लागून असेल तर पहिली खुशाल घ्यावी. पाणंद दोन किलोमीटर आत जात असेल तर मी दुसरीच्या बाजूने, आणि तिलाही आधी चिखलाचे टायर घालून.