महाधमनीचा फुगवटा आणि कोलेस्टेरॉलची औषधे

सन १९४८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे डॉ. रुडॉल्फ निसेन या शस्त्रवैद्यांनी आल्बर्ट आइन्स्टाइन यांचे पोट उघडले, तेव्हा आत महाधमनीचा मोठा फुगवटा आढळला. तो कापून त्या जागी दुसरी नळी जोडण्याची शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी झाली ती १९५१ साली, पॅरिसमध्ये. निसेन यांनी फुगवट्याभोवती सेलोफेन गुंडाळून वेळ निभावली, व ती सहा वर्षांहून अधिक निभली. एप्रिल १९५५ मध्ये फुगवटा फुटला; शस्त्रक्रियेस आइन्स्टाइन यांनी नकार दिला आणि १८ तारखेस त्यांचा अंत झाला.

पोटात महाधमनीची रुंदी साधारणतः २ सेंटिमीटर असते. ती ३ किंवा अधिक झाली की फुगवटा म्हणावयाचे. सायकलची जुनी ट्यूब झिजल्या जागी फुगते, तसाच हा प्रकार. दुखत नाही, खुपत नाही, म्हणूनच फसवा. पुरुषांत रुंदी साडेपाच सेंटिमीटरपर्यंत पोहोचली की शस्त्रक्रियेचा विचार होतो. तोवर वर्षानुवर्षे केवळ मोजमाप चालते. अशा वेळी रोग्याच्या मनात प्रश्न येणारच की, ही वाढ थांबविणारी एखादी गोळी नाही काय?

जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० नंतरच्या दशकात बुरशीतून शोधलेल्या द्रव्यापासून ज्यांची परंपरा सुरू झाली, त्या स्टॅटिन औषधांकडे या आशेने पाहिले गेले. ती यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतात व दाहही काहीसा शमवितात. धमनीची भिंत दाहाने व तिचे तंतू कुरतडणाऱ्या विकरांनी झिजते; तेव्हा तर्क वाजवी होता. ही औषधे घेणाऱ्यांचा फुगवटा हळू वाढतो, अशी निरीक्षणेही काही ठिकाणी प्रसिद्ध झाली. पुढील काही पाहण्यांत मात्र तसा फरक दिसला नाही.

असे का व्हावे? मधुमेही रोग्यांचा फुगवटा इतरांपेक्षा हळू वाढतो, ही विचित्र वाटणारी पण पुनःपुन्हा आढळलेली गोष्ट आहे. आणि मधुमेह्यांना स्टॅटिन सर्रास दिले जाते. मग श्रेय गोळीचे की मधुमेहाचे? नुसत्या निरीक्षणाने याचा उलगडा होणे कठीण. त्यासाठी रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात, आणि स्टॅटिनच्या बाबतीत या प्रश्नाचा निकाल लावील अशी मोठी चाचणी झालेली नाही. डॉक्सिसायक्लिन या दुसऱ्या औषधाची झाली. प्राण्यांत त्याने आशा दाखविली होती. परंतु २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, दोन वर्षांनंतर, ते घेणाऱ्यांचा फुगवटा खोटी गोळी घेणाऱ्यांइतकाच वाढलेला दिसला.

मग डॉक्टर फुगवट्याच्या रोग्यास स्टॅटिन लिहून देतात ते कशासाठी? त्याच्या हृदयासाठी. ज्याची महाधमनी बिघडली, त्याच्या हृदयाच्या व मेंदूच्या धमन्याही बहुधा निर्दोष नसतात, आणि लहान फुगवटा असलेल्यांपैकी पुष्कळजण तो फुटण्यापूर्वीच हृदयविकाराने दगावतात. तेथे या गोळीचा गुण निर्विवाद आहे. ‘फुगवटा तर वाढतोच आहे’ असे म्हणून ती परस्पर बंद करणारा रोगी भलत्याच हिशेबात फसतो.

वाढीचा वेग ज्याने खरोखर चढतो ते व्यसन म्हणजे धूम्रपान. आइन्स्टाइन यांच्या छायाचित्रांतील पाइप सर्वांच्या परिचयाचा आहे. फुगवटा शोधण्यास पोटाची ध्वनिलहरींची तपासणी पुरते. तीत सुई टोचावी लागत नाही, व काही मिनिटांतच काम होते. इंग्लंडमध्ये पुरुषांना पासष्टाव्या वर्षी तिचे निमंत्रण सरकारी आरोग्यसेवेकडूनच जाते.