शुष्क भूमी आणि तीन करार

पृथ्वीच्या भूपृष्ठापैकी सुमारे ४१ टक्के भाग व्यापणाऱ्या शुष्क प्रदेशांच्या रक्षणार्थ १७ जून १९९४ रोजी पॅरिस येथे जो वाळवंटीकरणविरोधी करार संमत झाला आणि २६ डिसेंबर १९९६ पासून अंमलात आला, तो १९९२ च्या रिओ परिषदेशी निगडित अशा तीन करारांपैकी अखेरचा, आणि पैशाच्या बाबतीत तर सर्वांत उपेक्षितच म्हटला पाहिजे. हवामान व वाळवंटीकरण यांविषयीच्या करारांची दप्तरे जर्मनीतील बॉन येथे, तर जैवविविधतेचे कॅनडातील माँट्रियल येथे. तिहींत मेळ राहावा म्हणून २००१ साली संयुक्त संपर्क गट स्थापन झाला खरा, परंतु त्याचा अखत्यार सल्लामसलतीपुरताच, हुकूम देण्याचा नव्हे.

या मेळाची निकड माळरानावर प्रत्ययास येते. सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या, माळढोकासाठी राखलेल्या गवताळ भूमीवर हवेतील कर्ब शोषला जावा या सद्हेतूने दाट झाडी लावली, तर हवामान कराराच्या खात्यात रक्कम जमा होईल. मात्र उघड्या रानातच वावरणाऱ्या त्या पक्ष्याचा आसरा जाऊन जैवविविधतेच्या खात्यात तीच नावे पडेल. हा पेच भारतापुढे उभा आहेच, कारण सप्टेंबर २०१९ मध्ये ग्रेटर नोएडा येथे भरलेल्या वाळवंटीकरणविरोधी कराराच्या चौदाव्या परिषदेत भारताने २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर अवनत भूमी पूर्ववत करण्याचे अभिवचन दिले आहे.