शोधयंत्राला सुकेळी कशी कळतात?

आगाशीची सुकेळी विकणाऱ्या एखाद्या कुटुंबाने वेबसाइट करून घेतली, की पहिल्या पानावर बहुधा ठरलेला मजकूर येतो: 'उत्तम दर्जा, वाजवी दर, ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.' गूगलसारख्या शोधयंत्राच्या हाती या ओळीतून काहीच लागत नाही. साड्यांच्या दुकानापासून पॅथॉलॉजी लॅबपर्यंत सगळीकडे तीच लिहिलेली असते. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेला हा वसईचा खास जिन्नस. पण राजेळी, वाळवण, आगाशी यांपैकी एकही शब्द पानावर नाही. मग शोधणाऱ्याला ते पान दिसावं कसं?

शब्दाचं वजन मोजण्याची रीत १९७२ साली केंब्रिजच्या करेन स्पार्क जोन्स यांनी मांडली. जो शब्द जितक्या कमी पानांत सापडतो, तितका तो शोधाच्या कामाचा. समजा, १००० पानांपैकी ९०० पानांवर 'उत्तम' आहे आणि फक्त ३ पानांवर 'सुकेळी'. एकूण पानांना त्या शब्दाच्या पानांनी भागून लॉगरिदम घेतला, तर 'उत्तम'चं वजन जेमतेम ०.१ भरतं आणि 'सुकेळी'चं ५.८. पन्नासपटींहून जास्त फरक! शोधयंत्रं आज याच्या कितीतरी पुढे गेली आहेत, तरी हा विचार मागे पडलेला नाही.

शब्द वजनदार आहे म्हणून 'सुकेळी' शंभरदा लिहून चालत नाही. लंडनच्या ओकापी प्रकल्पातून पुढे आलेल्या सूत्रांत पुनरुक्तीचा लाभ झपाट्याने ओसरतो: दुसऱ्या-तिसऱ्या उल्लेखाने गुण थोडे वाढतात, विसाव्याने जवळजवळ नाहीच. गूगलच्या नियमांत तर शब्दांचा असा मारा हा गैरप्रकार आहे.

मराठीपुरता यात एक वेगळा पेच आहे आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण 'वसई' लिहून थांबत नाही. वसईत, वसईला, वसईहून, वसईकरांच्या असं लिहितो. केळ्याचं 'केळ्यांपासून' होतं. नुसती अक्षरं जुळवणाऱ्या यंत्राला हे सगळे निरनिराळे शब्द. स्वित्झर्लंडच्या नूशातेल विद्यापीठातील ल्यिलियाना डोलामिच आणि जाक सावॉय यांनी हिंदी, मराठी आणि बंगालीवर याचे प्रयोग केले आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्यय कसून छाटून मूळ रूपावर शोध घेतला, तर शोधाची अचूकता हिंदीत सुमारे २८ टक्क्यांनी, बंगालीत १८ टक्क्यांनी आणि मराठीत ४२ टक्क्यांनी वाढली. तिन्ही भाषांत सर्वाधिक लाभ मराठीला. प्रत्ययांमुळे आपलं किती लिखाण शोधातून निसटत असेल, याची यावरून कल्पना यावी. २०१९च्या डिसेंबरमध्ये गूगलने वाक्यातला संदर्भ ओळखणारं 'बर्ट' हे तंत्र सत्तरहून अधिक भाषांत आणलं. त्यांत मराठी आहे. तेव्हा वेबसाइटसाठी तुटक, प्रत्यय गाळलेली मराठी लिहायचं काही कारण उरलेलं नाही. सरळ, पूर्ण वाक्यं लिहावीत.

नावांचा घोळ मात्र लिहिणाऱ्यानेच सोडवायला हवा. इंग्रजांनी वसईला 'बॅसीन' म्हटलं, पण म्यानमारमधलं पाथेन शहरही इंग्रजी अमदानीत 'बॅसीन'च होतं आणि मुंबई हायजवळच्या वायुक्षेत्राचं नावही तेच. शोधणारा कोणत्या बॅसीनबद्दल विचारतो आहे, हे यंत्र आजूबाजूच्या शब्दांवरून ताडतं. किल्ला दाखवणाऱ्या वाटाड्याने आपल्या पानावर १५३४ ते १७३९ची पोर्तुगीज राजवट, चिमाजी अप्पांची मोहीम, १८०२चा वसईचा तह यांविषयी दोन परिच्छेद लिहिले, तर पर्यटकाला माहिती मिळते आणि यंत्राला खूण पटते. नालासोपाऱ्याचंही तसंच. शूर्पारक, सोपारा, बुरुड राजाचा कोट, १८८२ मधलं भगवानलाल इंद्रजींचं बौद्ध स्तूपाचं उत्खनन हे शब्द पानावर असतील, तरच स्तूप शोधणारा तिथवर पोहोचेल.

शब्द जुळणारी पानं हजारो निघाली, तर आधी कोणतं दाखवायचं? सर्जी ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८च्या शोधनिबंधात याचं उत्तर दिलं. एक वाचक एका पानावरून दुव्यावर टिचकी मारत दुसऱ्या पानावर जातो, तिथून तिसऱ्या. ८५ टक्के वेळा तो असा दुवा धरतो, उरलेल्या वेळी कंटाळून कुठल्याही पानावर उडी मारतो. अखंड भटकंतीत तो ज्या पानावर जास्त वेळा पोहोचेल, ते पान वजनदार. म्हणजे दुवा कुणाचा आहे यालाही किंमत आहे. महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने किंवा वर्तमानपत्राने दिलेला एक दुवा विकत घेतलेल्या पाचशे दुव्यांना भारी पडतो. अशा विकतच्या दुव्यांवर विसंबणाऱ्या वेबसाइटना मागे ढकलणारी 'पेंग्विन' ही सुधारणा गूगलने २०१२च्या एप्रिलमध्ये आणली. तरीही दुव्यांची पाकिटं विकणारे आहेत आणि छोटे व्यावसायिक कष्टाचे पैसे त्यांत घालवतात, याचं फार वाईट वाटतं.

'पहिल्या क्रमांकाची हमी' देणाऱ्यांवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. अशी हमी कुणीही देऊ शकत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. स्थानिक शोधात प्रश्नाशी सुसंगतता, अंतर आणि ख्याती या तिन्हींचा विचार होतो. 'जवळचं रिसॉर्ट' असं विरार स्टेशनावर विचारलं, तर येणारी यादी वसई रोडला विचारल्यावर येणाऱ्या यादीहून वेगळी असू शकते. अंतर कुणाच्याच हातात नाही. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या रिसॉर्टवाल्यांच्या हातात आहे ते इतकंच: पत्ता, वेळा आणि फोन सगळीकडे सारखे व बरोबर ठेवणं, भाईंदरहून वाहनं नेणारी रो-रो बोट सुरू झाली तसा बदल झाला की पोहोचण्याची माहिती सुधारणं, आणि पान हलकं राखणं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, ही गूगलची अपेक्षा. पाच-पाच एमबीचे फोटो चढवल्यावर लोकलमधल्या मोबाइलवर ते कसं जमणार?

खरा खजिना अजून बाहेर आलेलाच नाही. वसईच्या वाड्या, पानवेली, सामवेदी आणि वाडवळी बोली यांबद्दल मराठीत जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं स्मरणिकांत आणि जुन्या अंकांत आहे. त्यांची पानं चित्र म्हणून चढवली किंवा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये ठेवली, तर यंत्राला ती धड वाचता येत नाहीत. ती युनिकोडमध्ये टंकायला हवीत. अशा एका लेखाने सुकेळ्यांच्या पानाचा दुवा दिला, तर तो खराखुरा दुवा ठरेल.

सुरुवात कुठून करावी, हे गूगलचं 'सर्च कन्सोल' फुकट दाखवतं: लोकांनी कोणते शब्द टाकले तेव्हा आपलं पान यादीत आलं, आणि त्यांतल्या कितींनी ते उघडलं. 'सुकेळी किती दिवस टिकतात' या प्रश्नावर पान दिसतंय पण कुणी उघडत नसेल, तर बहुधा त्याचं उत्तर शीर्षकात किंवा पहिल्या परिच्छेदात नाही. ते उत्तर लिहावं आणि पान पुन्हा तपासण्याची विनंती करावी. नवा मजकूर यंत्राच्या नोंदीत यायला काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो.